भीती अनोळखी माणसाची, धोका कुणाचा?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

शाळा सुटायच्या वेळी अमरावतीतल्या कोणत्याही शाळेच्या फाटकासमोर पाच मिनिटे उभे राहून पाहा. रस्ता दिसत नाही, नुसत्या गाड्या दिसतात. स्कूटी, मोटारसायकली, ऑटो, मधूनच एखादी चारचाकी. कुणाची आई आलेली असते, कुणाचे बाबा. ज्यांना दोघांनाही जमत नाही त्यांचे आजोबा आलेले असतात. यातली कितीतरी मुले शाळेपासून पायी दहा मिनिटांच्या अंतरावर राहतात. मग रोज आणायला का येता, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते, "जमाना खराब आहे, बाई. कोणावर भरोसा ठेवायचा?" विचारणारे आपलेच माणूस आहे असे वाटले की दर्यापूर-अंजनगावकडची मंडळी जरा मोकळेपणाने सांगतात, "आमच्या टायमाले पोट्टे दिवसभर बाहीर रायत. आता तसं हाये काय? कोन कवा उचलून नेईन, काई सांगता येते काय?"

मी तीसेक वर्षे शाळेत शिकवले. पालकसभेत सर्वांत जास्त वेळा ऐकलेले वाक्य कोणते, असे मला कुणी विचारले तर मी हेच सांगेन. गणिताची, इंग्रजीची, मार्कांची काळजी त्यानंतर. या भीतीला हसावे असे मला कधी वाटले नाही. आईबापांच्या काळजाला हिशेब शिकवता येत नाही. पण भीती खरी असली म्हणून तिने दाखवलेली दिशा बरोबर असतेच असे नाही. म्हणून आज दोन प्रश्न तुमच्यापुढे ठेवते. समाज खरोखर पूर्वीपेक्षा जास्त धोक्याचा झाला आहे का? आणि आपण ज्याला घाबरतो, धोका त्याच्याकडूनच आहे का?

आधी एक गोष्ट कबूल करून टाकू. अनोळखी माणसे मुले पळवतच नाहीत, असे कुणी म्हणू शकणार नाही. आपल्याच महाराष्ट्रात अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुलींनी १९९० ते १९९६ या काळात गर्दीच्या ठिकाणांहून लहान मुले पळवली, चोऱ्या करताना त्यांचा आडोशासारखा वापर केला आणि त्यातल्या काही मुलांचा जीव घेतला. १९९६ साली कोल्हापुरात हे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा राज्यभरातल्या आयांनी पोरांना पदराखाली घेतले होते. ते बरोबरच होते. प्रश्न असा की, अशी एक घटना आपल्या मनात किती जागा व्यापते आणि प्रत्यक्ष आयुष्यात ती किती वेळा घडते?

आता काही आकडे सांगते. कंटाळू नका, थोडेच आहेत. देशातल्या गुन्ह्यांची मोजदाद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग करतो. खून हा असा गुन्हा आहे की जो सहसा लपत नाही, म्हणून काळाची तुलना करायला तो बरा पडतो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला देशात वर्षाला चाळीस हजारांच्या घरात खून होत होते. २०२२ साली ही संख्या २८,५२२ होती. मधल्या काळात लोकसंख्या पन्नास कोटींनी वाढली, हे लक्षात घ्या. म्हणजे दर लाख लोकांमागे होणारे खून निम्म्याहूनही खाली आले. "पूर्वी कशी सुरक्षितता होती" असे म्हणताना जो काळ आपल्या डोळ्यांसमोर असतो, तो या हिशेबाने आजच्याहून जास्त रक्ताचा होता.

यावर कुणी म्हणेल, पण मुलांवरचे गुन्हे तर वाढलेत. नोंदी वाढल्या आहेत, हे खरे. २०२२ साली देशात बालकांविरुद्धच्या १,६२,४४९ गुन्ह्यांची नोंद झाली. पण या नोंदीमागे दोन मोठी कारणे आहेत. १४ नोव्हेंबर २०१२ला बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा कायदा, ज्याला आपण 'पोक्सो' म्हणतो, तो लागू झाला. त्याआधी अशा कित्येक प्रकारांना कायद्यात वेगळे नावच नव्हते. जे पूर्वी घरात, फार तर जातपंचायतीत दाबले जात होते, ते आता पोलीस ठाण्यात लिहिले जाऊ लागले. दुसरे कारण, मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'बचपन बचाओ आंदोलन' या संस्थेच्या याचिकेवर आदेश दिला की मूल हरवल्याची तक्रार आली की पोलिसांनी ते अपहरण किंवा मानवी तस्करी असू शकते असे धरूनच गुन्हा दाखल करावा. तेव्हापासून परीक्षेत नापास झाला म्हणून मुंबईला पळालेला मुलगाही कागदावर आधी 'अपहरण' म्हणूनच चढतो. आदेश उत्तमच आहे. त्यामुळे तपास लवकर सुरू होतो. पण पेपरात "अपहरणाच्या इतक्या घटना" असे वाचताना त्यात काय काय मिसळलेले आहे, हे वाचणाऱ्याला ठाऊक हवे.

हरवलेल्या मुलांचेच पाहा. २०२२ साली देशात ८३,३५० मुले हरवल्याची नोंद झाली. आकडा ऐकून छातीत धस्स होते. त्याच वर्षी ८०,५६१ मुलांचा शोध लागला. त्यांत आधीच्या वर्षांत हरवलेली मुलेही आहेत. हरवलेल्यांमध्ये सुमारे ६३ हजार मुली होत्या, म्हणजे चारातल्या तीन. झोळीवाला बुवा पोते घेऊन फिरतो आणि मुली तेवढ्या निवडतो, असे होत नाही. या आकड्यामागे घरात कोंडलेल्या, लग्न लावून द्यायला निघालेल्या, फसवून नेलेल्या, मारहाणीला कंटाळून निघून गेलेल्या मुली आहेत. यातला बराचसा प्रश्न घराच्या उंबरठ्याच्या आत सुरू होतो.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. धोका कुणाकडून?

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली बालकांवरील अत्याचारांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्रासह तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी त्यात बोलले गेले. निम्म्याहून जास्त मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक त्रास झाल्याचे सांगितले आणि त्रास देणाऱ्यांपैकी निम्मे लोक ओळखीचे किंवा मुलाची जबाबदारी ज्याच्यावर आहे असे होते. बहुतेक मुलांनी ही गोष्ट कुणालाही सांगितलेली नव्हती. पोलिसांकडे पोचलेल्या गंभीर अत्याचारांच्या प्रकरणांत तर ओळखीच्या आरोपींचे प्रमाण वर्षानुवर्षे शंभरात नव्वदच्या वर आहे. शेजारी, नातेवाईक, घरमालक, शिकवणीवाले, व्हॅनवाले, वडिलांचा मित्र, मोबाइलवर मैत्री झालेला 'दादा'. अनोळखी माणूस या यादीत अगदी शेवटी येतो.

फार लांब जायला नको. ऑगस्ट २०२४ मध्ये अकोला जिल्ह्यात, बाळापूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकाला विद्यार्थिनींच्या छळाच्या आरोपावरून अटक झाली. त्याच महिन्यात बदलापूरच्या शाळेतले प्रकरण बाहेर आले. तिथला आरोपी शाळेतच सफाईचे काम करणारा होता. त्याआधी २०१४ साली नागपुरात आठ वर्षांच्या शाळकरी मुलाचे अपहरण करून खून झाला, तेव्हा आपल्या विदर्भात किती दिवस पोरांना अंगणात सोडले नव्हते, हे अनेकांना आठवत असेल. त्या गुन्ह्यातला मुख्य माणूस मुलाच्या वडिलांकडेच आधी नोकरीला होता. मूल त्याच्यासोबत गेले ते ओळखीमुळे. "अनोळखी माणसाशी बोलू नको" हा धडा त्या मुलाने तोंडपाठ केला असता, तरी तो कामी आला नसता.

आपला घोटाळा नेमका इथे आहे. आपण पहारा बसवतो पुढच्या दारावर आणि चोर आधीच बैठकीत बसून चहा पीत असतो. आपण मुलाला शिकवतो, "रस्त्यावरच्या माणसाने चॉकलेट दिले तर घेऊ नको." आणि त्याच संध्याकाळी पाहुणे आले की सांगतो, "काकांना पापी दे. असं काय करतेस? लाजायचं नाही." ते मूल मागे सरकते, तोंड फिरवते आणि आपण त्याला पुढे ढकलतो. मुलाच्या मनात त्या क्षणी काय नोंद होते? माझ्या अंगाबाबत मला काय वाटते याला किंमत नाही, मोठ्यांचा मान राखणे महत्त्वाचे. पुढे काही वाईट घडले तर हेच मूल गप्प बसते आणि आपण म्हणतो, "आधी का नाही सांगितलं?"

मग अनोळखी माणसाचीच भीती इतकी का वाढली? मला याची तीन कारणे दिसतात.

पहिले, घरात मुले कमी झाली. महाराष्ट्रात आता एका बाईला सरासरी दोनही मुले होत नाहीत. २०१९ ते २०२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ते प्रमाण १.७ आहे. आमच्या लहानपणी घरात पाच-सहा भावंडे. मोठ्याने धाकट्याला सांभाळायचे आणि दोघांनी मिळून शाळेत जायचे. आज एकुलते एक मूल आणि त्याच्यावर चार मोठ्यांचे आठ डोळे. काळजी वाढणारच. शिवाय गल्लीतली मुलेच कमी झाल्यामुळे गल्ली ओस पडली आणि ओस गल्लीची भीती वाटते. अमेरिकेतल्या जेन जेकब्स या लेखिकेने १९६१ साली शहरांवरच्या आपल्या पुस्तकात म्हटले होते की रस्ता सुरक्षित ठेवतात ते तिथे वावरणाऱ्या, खिडकीतून पाहणाऱ्या माणसांचे डोळे. आपल्या ओट्यांवरच्या म्हाताऱ्या हेच काम करत होत्या, त्यांनी पुस्तक मात्र लिहिले नाही. ओटे गेले, कंपाउंडच्या भिंती आल्या आणि त्या डोळ्यांच्या जागी आता कॅमेरे आले.

दुसरे कारण बातम्या. पूर्वी चांदूर बाजारला काही झाले तर अकोल्याला आठ दिवसांनी कळायचे. आज देशाच्या कुठल्याही टोकाला एका मुलावर संकट आले की ते दिवसभर आपल्या बैठकीत घडत राहते. दहा वेळा पाहिलेली एकच घटना मनाला दहा घटनांसारखी वाटते. अमेरिकेत हे आपल्या आधी घडून गेले. १९७९ साली न्यूयॉर्कमध्ये सहा वर्षांचा एक मुलगा पहिल्यांदाच एकटा शाळेच्या बसकडे निघाला आणि परत आला नाही. त्यानंतरच्या दशकात हरवलेल्या मुलांचे फोटो दुधाच्या खोक्यांवर छापले जाऊ लागले. रोज सकाळी नाश्त्याला प्रत्येक घरात एक हरवलेले मूल समोर. सारा देश घाबरला आणि मुलांना 'अनोळखी म्हणजे धोका' असे घोकवले गेले. पुढे तिथल्या न्याय खात्याने पाहणी करवून घेतली, तेव्हा अनोळखी किंवा जुजबी ओळखीच्या माणसाने मूल दूर पळवून नेण्याचे प्रकार १९९९ साली एवढ्या मोठ्या देशात सुमारे ११५ झाल्याचे दिसले. हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या तिथल्या राष्ट्रीय केंद्राने अखेर २०१७ साली ती जुनी घोषणा सोडून द्यायला सांगितले.

आणि तिसरे कारण, अनोळखी माणसाला घाबरणे सोपे असते. शेजाऱ्यावर, भाच्यावर, गुरुजींवर संशय घेतला तर नाती तुटतात. झोळीवाल्यावर संशय घेतला तर आपले काहीच जात नाही.

जाते ते त्या झोळीवाल्याचे. १ जुलै २०१८, रविवारचा दिवस. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले. मंगळवेढ्याकडची ही मंडळी पिढ्यान् पिढ्या भिक्षा मागत गावोगाव फिरणारी. त्या भागात मुले पळवणारी टोळी आल्याचे संदेश काही दिवस मोबाइलवरून फिरत होते. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलताना कुणाला दिसला. एवढे पुरले. जमाव जमला, त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि पाचही जणांना ठार मारले. एकही मूल पळवले गेलेले नव्हते. त्या पाच जणांच्या घरीही मुले होती. ती वडिलांची वाट पाहत राहिली.

त्या वर्षी देशातल्या अनेक राज्यांत अशी माणसे मारली गेली. त्यासाठी जी चित्रफीत फिरत होती, तीत मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेताना दिसतात. ती मुळात कराचीतल्या एका जनजागृतीच्या जाहिरातीतली होती. तिच्या शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि मुलांकडे लक्ष ठेवा, असा फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला आणि उरलेले पुढे पाठवले. व्हॉट्सअॅपने त्याच जुलै महिन्यात भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पाठवता येईल अशी मर्यादा घातली. सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हिंसेबद्दल सरकारांना सविस्तर निर्देश दिले. तरीही एप्रिल २०२० मध्ये पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक असे तिघे जमावाकडून मारले गेले. त्या परिसरातही चोर आणि मुले पळवणारे फिरत असल्याच्या अफवा होत्या.

आपण वऱ्हाडातल्या माणसांनी या घटनेकडे जरा वेगळ्या नजरेने पाहायला हवे, असे मला वाटते. कारण आपल्या मुलखाचे दैवतच मुळी अनोळखी माणूस म्हणून आले. परंपरा सांगते की १८७८ साली शेगावात गजानन महाराज पहिल्यांदा दिसले ते उष्ट्या पत्रावळीवरची शिते वेचून खाताना. नाव नाही, गाव नाही, अंगावर धड कपडा नाही. आणि गाडगेबाबा? अंजनगाव तालुक्यातल्या शेंडगावचा, मूर्तिजापूरजवळ दापुऱ्याला मामाच्या घरी वाढलेला हा माणूस १९०५ साली घर सोडून निघाला. चिंध्यांचे कपडे, हातात खराटा, डोक्याला किंवा हातात मडके. गावात यायचे, न सांगता रस्ते झाडायला लागायचे आणि रात्री कीर्तन करायचे. लेकरांना शिकवा, असे लोकांना सांगायचे. २० डिसेंबर १९५६ला वलगावजवळ त्यांनी देह ठेवला आणि अमरावतीत आज त्यांची समाधी आहे. आपण तिथे हात जोडतो. पण तसाच एक चिंध्या पांघरलेला माणूस आज सकाळी आपल्या कॉलनीत शिरला, एखाद्या पोराच्या डोक्यावरून त्याने हात फिरवला, तर आपण काय करू? खुर्ची देऊ, की मोबाइलवर त्याचा फोटो काढून "सावध राहा" असे लिहून पाठवू?

जुने सगळे चांगले होते, असे मला म्हणायचे नाही. त्या काळीही मुलांना त्रास होत होता आणि तो कुणी ऐकून घेत नव्हते. पण अनोळखी माणसावर मूल सोपवायची एक रीत आपल्याकडे होती. दर्यापूरहून मूर्तिजापूरला जायला शकुंतला रेल्वे होती. कोळशाचे इंजिन, सायकलवाला शर्यत लावील असा वेग. माझे आजोळ मूर्तिजापूरकडे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्हा भावंडांना डब्यात बसवून आई समोर बसलेल्या बाईला सांगायची, "माय, या पोरायले मूर्तिजापूरले उतरवून द्या. मामा येईन घ्याले." ती बाई कोण, हे आईला ठाऊक नसायचे. पण सांगितले म्हणजे जबाबदारी तिची. ती आमच्यावर अशी काही नजर ठेवायची की घरच्यापेक्षा कडक. आईचा त्या एका बाईवर विश्वास होता, आणि डबाभर माणसे ऐकत आहेत यावरही.

आजच्या भीतीची आणखी एक किंमत आहे आणि ती मुलेच मोजतात. सहावी-सातवीतल्या मुलाला राजापेठेतून राजकमल चौकापर्यंत एकट्याने जाता येत नाही. रस्ता कसा ओलांडावा, पत्ता कसा विचारावा, दुकानात पैसे कसे मोजून घ्यावेत, कुणाची नजर बरी आणि कुणाची वाईट हे कसे ओळखावे, या गोष्टी चालूनच शिकता येतात. मागच्या सीटवर बसून त्या येत नाहीत. मग अठराव्या वर्षी त्याला पुण्याला शिकायला पाठवतो आणि अपेक्षा करतो की आता याने जग ओळखावे.

शिवाय ज्या गाडीवर बसवून आपण त्याला अनोळखी माणसापासून वाचवतो, त्या गाडीचा हिशेब कुणी करत नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. त्यात अठरा वर्षांखालची मुले साडेनऊ हजारांच्या घरात होती. शाळेच्या फाटकासमोर उलट्या दिशेने घुसणारी, तिघा-चौघांना घेऊन चाललेली, विनाहेल्मेट मुले बसवलेली स्कूटी मला कोणत्याही झोळीवाल्यापेक्षा जास्त धोक्याची वाटते. आणि ती चालवणारा आपल्या मुलाच्या काळजीपोटीच आलेला असतो.

मग करायचे काय? भीती सोडून द्या, असे मी म्हणणार नाही. ती योग्य ठिकाणी नेऊन ठेवू.

मुलांना माणसाची जात, कपडे, झोळी ओळखायला शिकवण्यापेक्षा कृत्य ओळखायला शिकवू. कुणीही, म्हणजे मामा, काका, सर, दादा, शेजारी कुणीही, अंगाला नको तसा हात लावला, "ही आपली गंमत, घरी सांगू नको" असे म्हटले, तर तिथून निघायचे आणि घरी सांगायचे. चाइल्डलाइनने 'कोमल' नावाचा एक छोटा चित्रपट केला होता. त्यातला त्रास देणारा माणूस शेजारी राहायला आलेला आणि वडिलांच्या परिचयाचाच आहे. तो मुलांबरोबर बसून पाहण्यासारखा आहे. आणि मुलाला पाहुण्यांच्या मांडीवर बसायचे नसेल तर बसू नये. दुरून नमस्कार केला तरी मान राखला जातो.

मुलाने सांगितले की आधी त्याच्यावर विश्वास ठेवायचा. "तुझंच काहीतरी चुकलं असेल" हे वाक्य घरातून काढून टाकायचे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक पाठ करून घ्यायचा. तो आता सरकारच्या महिला व बालविकास खात्यामार्फत चालतो आणि ११२ या आपत्कालीन सेवेशी जोडलेला आहे. पोक्सो कायद्याने अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती कळवण्याची जबाबदारी टाकली आहे. शाळेची बदनामी होईल म्हणून गप्प बसणारे मुख्याध्यापकही त्यातून सुटत नाहीत.

शाळेत २०२२च्या शासन निर्णयाप्रमाणे सखी सावित्री समिती असायला हवी. पुढच्या पालकसभेत मार्कांच्या आधी हा प्रश्न विचारा, "आपल्या शाळेत ही समिती आहे का, त्यात कोण आहे आणि ती शेवटची कधी बसली?" व्हॅनच्या चालकाची चौकशी कोण करते, हेही विचारा. या प्रश्नांनी शिक्षक नाराज होतील असे वाटत असेल, तर एक जुनी शिक्षिका म्हणून सांगते, चांगल्या शिक्षकाला हे प्रश्न आवडतात.

आणि मुलाला अनोळखी माणसाची मदत मागायलाही शिकवा. नवरात्रात अंबादेवीच्या गर्दीत हात सुटला तर त्याच्या आजूबाजूला फक्त अनोळखी माणसेच असणार आहेत. तिथे "कुणाशी बोलू नको" हा धडा पाळणारे मूल रडत एका कोपऱ्यात दडून बसेल. त्यापेक्षा त्याला सांगावे, लेकरे सोबत असलेल्या एखाद्या बाईकडे जा, पोलिसाकडे जा, ओटीचे सामान विकणाऱ्या दुकानदाराकडे जा, आपले नाव आणि आईचा फोन नंबर सांग. लाउडस्पीकरवरून पुकारा होईल आणि आई सापडेल. दरवर्षी कितीतरी मुले अशीच सापडतात. त्याची बातमी होत नाही, एवढेच.

मोबाइलवर "मुले पळवणारी टोळी आली आहे" असा संदेश आला तर तो पुढे पाठवण्याआधी पोलीस ठाण्याला फोन करून खात्री करा. राईनपाड्याला मारायला धावलेली माणसे गुंड म्हणून जन्माला आली नव्हती. त्यांतले कितीतरी जण आपल्या मुलांच्या काळजीने घाबरलेले बाप असतील. त्यांच्याजवळच्या संदेशांतला प्रत्येक संदेश कुणीतरी काळजीपोटीच पुढे पाठवलेला होता.